मिक्सर ओढायची गाडी

हुमनाबादच्या शोरूमचं काचेचं दार उघडलं तसा एक तरुण पोरगा लगबगीनं पुढं आला आणि थेट बळीरामसमोर वाकून म्हणाला, "बर्री, बर्री यजमान्रे! या, बसा. काय दाखवू?"

यजमान म्हणजे मालक. बळीरामला साठावं लागलं होतं, आणि आजवर त्याला मालक म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या कामावर काँक्रीट कालवायचं मिक्सर चालवलं. त्या इंजिनाचा आवाजच असा की जवळ उभं राहून नावानं हाक मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून काम अंगावर घेणारे गुत्तेदार लांबून हात हलवून ओरडायचे, "ए मिक्सर!" पुढं पुढं इंजिन बंद असतानाही तेच नाव राहिलं. जेवायला बसला तरी मिक्सर, पाणी प्यायला गेला तरी मिक्सर.

पोरानं खुर्ची ओढली, थंड पाण्याचा पेला हातात दिला, गाड्यांच्या रंगीत चित्रांचं जाड पुस्तक मांडीवर ठेवलं. बळीराम पाणी सावकाश प्याला. घोटभर पाणी संपेपर्यंत मालक असायला काय हरकत, असं त्याला वाटलं. मग पेला खाली ठेवून तो हसला.

"मालक मी न्हाई, बाबा. मालकीण तिकडं हाय बघ."

मालकीण तिकडं फरशीवर उकिडवी बसून एका नव्याकोऱ्या पिकअपच्या बुडाखाली वाकून बघत होती. ओढणी कमरेला खोचलेली, हातात मोबाइलची बत्ती. हूक बसवायला मागची पट्टी कितपत जाड आहे, ते ती बोटानं ठोकून पाहत होती. ती बळीरामची लेक प्रेरणा. वय एकतीस. बिदरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, चार वर्षं एका बिल्डरकडं साइट सुपरवायझर म्हणून उन्हातान्हात उभी राहिली, आणि सहा वर्षांपूर्वी स्वतःचं मिक्सर घेऊन स्लॅबची गुत्तेदार झाली. भालकी तालुक्यातल्या मेहकरची अकरा माणसं तिच्या टोळीत होती. मिक्सरवर बाप, आणि घमेली उचलणाऱ्या पाच बायांची म्होरकी तिची आई इंदिराबाई. नवरा नागसेन बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. सुट्टी असली की तोही फावडं धरायला यायचा.

गाडीची गरज पडली ती उसामुळं. मिक्सर म्हणजे सतरा-अठरा क्विंटलचं धूड. त्याला चाकं असली तरी पाय नसतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं तर कुणाचा तरी ट्रॅक्टर सांगावा लागे. पावसाळा-उन्हाळा कसाबसा निभायचा, पण कारखान्याचा बॉयलर पेटला की तालुक्यातला एकूण एक ट्रॅक्टर उसाला जुंपला जाई. गेल्या हिवाळ्यात हुमनाबादजवळच्या एका गावात सगळं तयार होतं. सेंट्रिंग ठोकलेलं, सळया बांधलेल्या, वाळू-खडी पडलेली. आणि मिक्सर भालकीत अडकून बसलं. दोन दिवस वाट बघून घरमालकानं दुसरा गुत्तेदार बोलावला. प्रेरणा त्या दिवशी कुणावर चिडली नाही, रडली नाही. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "अप्पा, आपल्याला आपली गाडी पायजे."

म्हणून आज ही शोरूमची वारी.

प्रेरणा हात झटकत उठली. तो पोरगा, त्याचं नाव श्रीशैल, आता दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"किती देती ही?" तिनं विचारलं.

"अक्का, कंपनी सतरा सांगती. एका लिटरला सतरा किलोमीटर."

"मागं मिक्सर लावून?"

श्रीशैलनं वरच्या पंख्याकडं बघितलं. "मिक्सर लावून... असं कुणी इचारत न्हाई, अक्का."

"मी इचारायलेय."

पोरगा प्रामाणिक निघाला. थापा मारायच्या सोडून त्यानं मान हलवली. "मला ठाव न्हाई. आणि इथली दाखवायची गाडी ओझ्याला जुंपून द्यायची परवानगी बी न्हाई. खोटं कामून सांगू? पण हीच गाडी मंडपवाले हणमंतप्पा वापरतेत. त्यांच्या मागं जनरेटर असतंय. त्यांना इचारा."

बळीराम तोवर त्याच, शोरूममधल्या सगळ्यात मोठ्या गाडीभोवती फिरत होता. छाताड केवढं, टायर केवढे! बॉनेटवर हात ठेवला तर तळव्याला गार लागत होतं.

"प्रेरणा, हीच घे," तो म्हणाला. "ही मिक्सरच काय, मिक्सरसकट घर वडून नेईल."

"अप्पा, डिझेल रूप बघून जळत न्हाई," ती म्हणाली. पण बापाचं तोंड उतरलेलं बघून लगेच पुढं बोलली, "हणमंतप्पाची हीच गाडी हाय. चालवून बघा की तुमी. तुमीच चालवायची हाय."

घरी परतताना बसमध्ये तिनं सगळं ठरवून टाकलं. ज्या ज्या गाड्या डोळ्यांत भरल्या, त्या, आपल्या भागात ज्यांच्याकडं आधीच आहेत त्यांच्याकडून एकेक दिवस मागून घ्यायच्या. डिझेल आपलं. मिक्सर त्या वेळी हुमनाबादच्याच एका कामावर उभं होतं. तिथून कमलापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं, साठ किलोमीटर. वाटेत उतार आहे, परतताना तोच चढ. निघण्याआधी हमरस्त्यावरच्या एका पंपावर टाकी काठोकाठ भरायची, आणि परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नळीनं, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा भरायची. नळी पहिल्यांदा टक् करून आपसूक बंद पडली की थांबायचं. त्याच्या पुढं एक थेंब नाही. जेवढं दुसऱ्यांदा मावलं, तेवढं गाडी प्याली.

"हे तुला कुणी शिकवलं?" बळीरामनं विचारलं.

"कुणी न्हाई. पाणी-सिमेंटचं मापच असं असतंय. जेवढं टाकलं तेवढंच खरं."

हणमंतप्पा दिलदार माणूस. लग्नसराई नव्हती, गाडी दारात उभी होती. त्यानं चावी काढून दिली. बळीराम चाकावर बसला. मिक्सर मागं आहे हे त्या गाडीला कळलंच नसावं. चाळीसच्या वेगानं ती अशी गेली, जशी जत्रेला निघालेली बैलजोडी. चढावर गिअर बदलावा लागला नाही. बळीराम मिशीत हसत होता आणि अधूनमधून लेकीकडं बघत होता. बघ, मी म्हणलो नव्हतो?

पंपावर परत आले. नळी टाकीत गेली. आकडा फिरायला लागला, फिरतच राहिला. टक् झालं तेव्हा सात लिटरच्या वर गेला होता.

"सात!" हणमंतप्पानं कपाळाला हात लावला. त्याला स्वतःच्या गाडीची भूक आजच कळत होती. "मी कधी मोजलंच न्हाई, अक्का. गाडी बैलावानी हाय, पण पेती हत्तीवानी!"

बळीरामच्या मनातून मात्र ती गाडी अजून उतरली नव्हती.

दुसरी गाडी मायाप्पाची. मायाप्पा धनगर, शेजारच्याच गावचा. एके काळी कळपामागं पायी फिरायचा, आता मेंढरं गाडीत घालून बाजाराला न्यायचा. त्याची पिकअप लहानखुरी, हलकी. आत बसलं की लोकरीचा आणि लेंड्यांचा वास. "वास येतोय, पण पोट लहान हाय तिचं," मायाप्पा कौतुकानं म्हणाला. "थेंबावर पळती."

निघताना प्रेरणा खुशीत होती. सरळ रस्त्यावर गाडी छान ओढत होती. थोडी कण्हत होती, पण ओढत होती. कमलापूरच्या अलीकडचा उतार लागला, आणि पहिल्याच वळणाला बळीरामच्या पाठीला काहीतरी जाणवलं. कुणीतरी मागून खांद्याला हात लावून ढकलावं, तसं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबायला बघत होती. मिक्सर थांबायला तयार नव्हतं. ते मागून लोटत होतं, आणि लोटता लोटता डावीकडं झुकू लागलं होतं.

"अप्पा..." प्रेरणानं समोरची कड घट्ट धरली.

"गप बस."

त्याचा आवाज असा शांत होता की ती खरंच गप्प झाली. बळीरामनं ब्रेक सोडला. माणूस घाबरला की ब्रेक दाबत राहतो आणि तिथंच घात होतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकला. इंजिन किंचाळलं. गाडीला हिसका बसला, मिक्सर पुन्हा रांगेत आलं. मग ब्रेक थोडा दाबला, सोडला. थोडा दाबला, सोडला. समोरून येणाऱ्या लॉरीनं हॉर्नचा भडिमार केला. तिला वाट देत, वळण घेत, एका जागी रस्त्याकडंची मुरमाड सपाटी दिसली तशी त्यानं हळूहळू गाडी तिच्यावर चढवली आणि उभी केली.

दोघं खाली उतरले. ब्रेकचा जळका वास येत होता. प्रेरणानं मिक्सरच्या चाकांखाली दगड लावले. बळीराम मैलाच्या दगडावर बसला आणि त्यानं डाव्या पायातली चप्पल काढली.

त्या पायाची दोन बोटं नव्हती. लहानपणापासून प्रेरणा ते बघत आली होती. पायावर दगड पडला, एवढंच तिला ठाऊक होतं.

"दगड पडला न्हवता," बळीराम म्हणाला. "तू दुसरीला हुतीस. आमी मिक्सर घेऊन बसवकल्याणकडं जायलो हुतो, ट्रॅक्टरच्या मागं. ट्रॅक्टरवर डायवर आन् गुत्तेदार. आमाला बसायला जागा कुठं? मिक्सरची दांडी असती ना, हुकाला लावायची, तिच्यावर बसलो हुतो मी. समदेच बसायचे. उतार लागला, मिक्सरनं ट्रॅक्टरला लोटलं, दांडी मुरगळली. पाय निघाला, दोन बोटं तिथंच ऱ्हायली."

"मग दगड कामून सांगितलं?"

"दांडीवर बसून कामाला जातो, हे लेकराला काय सांगायचं?"

लॉऱ्या जात होत्या. बळीरामनं चप्पल घातली, उठला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वडायचं समदे बघतेत, पोरी. मागचं वजन धरून ठेवणारी गाडी पायजे. चढ काय, दम खात खात कुणीबी चढतंय. उताराला कळतंय."

परतताना त्या लहान गाडीनं चढावर दोनदा दम खाल्ला. एकदा पाणी तापलं म्हणून पंधरा मिनिटं थांबावं लागलं. पंपावर टक् झालं तेव्हा आकडा बरोबर पाचवर होता. पाच लिटर! प्रेरणाला हवा होता तोच आकडा. तिनं तो बघितला, मायाप्पाचे आभार मानले, आणि चावी परत देताना म्हणाली, "मामा, मेंढरांना चांगली हाय. मिक्सरला न्हाई."

बळीरामची छाती तेव्हा कशी भरून आली, ते त्यालाच ठाऊक. आकड्याच्या प्रेमात पडलेली माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. हातातला आवडता आकडा खाली ठेवणारं माणूस तो पहिल्यांदा बघत होता, आणि ती त्याची लेक होती.

घरी आल्यावर दोघांचं सुरू झालं. मोठी घेतली तर डिझेल खाते, लहान घेतली तर जीव खाते. बळीराम म्हणे, मोठीच घेऊ, डिझेलचं बघता येईल. प्रेरणा म्हणे, रोज बघावं लागेल. इंदिराबाई भाकरी थापत ऐकत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि तिनं तोंड उघडलं.

"तुमी दोघं मिक्सरला कोण वडायचं तेवढंच बघायलाव. आमाला कोण वडायचं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सत्तावीस वर्सं झाली, मी कामावर उभं ऱ्हाऊन जायले. ट्रॉलीत वाळूवर, न्हाईतर सिमेंटच्या पोत्यावर. पदर धरायचा का फळी धरायची? दिसभर घमेली उचलून येताना पुन्ना तेच. गाडी घ्यायलाव तर पुढं डायवर आन् गुत्तेदारीण बसंल, आन् आमी पाच जणी मागं शेरडावानी उभ्या! मग ट्रॅक्टर काय वाईट हुता?"

प्रेरणाचा चेहरा लाल झाला. दुपारी बापानं दांडीची गोष्ट सांगितली तेव्हा ती मनातून कुण्या जुन्या गुत्तेदाराला शिव्या घालत होती. आता गुत्तेदार ती होती.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "बसायला जागा असलेली गाडी..."

"असती. लाइनचे पोल रवायला आले हुते बघ आपल्या गावात. त्यांची गाडी. पुढं डायवरची शीट, तिच्या मागं आनखी एक शीट, दारं-खिडक्यासकट. त्याच्या मागं हौदा. आन् त्याच्याबी मागं पोलची ट्रॉली वडायली हुती. समदे वायरमन आत बसून आले, पाय बी मळले न्हाईत."

बळीराम आणि प्रेरणानं एकमेकांकडं बघितलं. ती गाडी दोघांनीही बघितली होती. बळीरामनं तिचे टायर बघितले होते, प्रेरणानं पोलचं वजन मनात धरलं होतं. आत बसलेली माणसं इंदिराबाईनं बघितली होती.

ती गाडी भालकीच्या गुरुलिंग नावाच्या वीज गुत्तेदाराची. माणूस संशयी. "चावी देणार न्हाई. मी सोबत येतो," म्हणाला. "या की," प्रेरणा म्हणाली. तो पुढं बसला, आणि मागच्या सीटवर इंदिराबाई, प्रेरणा आणि टोळीतली रेणुकाबाई. रेणुकाबाईनं काच खाली-वर करायचं बटण दहादा दाबून बघितलं. गुरुलिंगनं एकदा मागं वळून बघितलं.

बळीरामनं या खेपेला उताराची वाट बघितली. उतार लागला तसा त्यानं पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि दुसऱ्या गिअरवर गाडी नुसती सोडून दिली. मागून लोट आली, ती यायचीच. पण गाडीनं ती पाठीवर घेतली. जडशीळ, सावकाश, नाक सरळ ठेवून ती उतरत राहिली. मोकळा रस्ता बघून त्यानं मुद्दाम तीनदा ब्रेक लावला. तिन्ही वेळा मिक्सर रांगेतच राहिलं.

"काय करायलाव?" गुरुलिंग घाबरून म्हणाला.

"वळख करून घ्यायलोय," बळीराम म्हणाला.

चढाला मोठ्या गाडीसारखा तोरा नव्हता. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागलं, पण पाणी तापलं नाही, दम खाल्ला नाही. पंपावर इंदिराबाई सोडून सगळे खाली उतरून नळीभोवती उभे राहिले. गुरुलिंगसुद्धा. सव्वापाच, साडेपाच... टक्. पावणेसहा.

"दहाच्या वर!" प्रेरणानं मनातल्या मनात भागाकार केला. "लिटरला दहाच्या वर, मिक्सर लावून, पाच माणसं बसवून!"

"हौदा आखूड हाय पण," बळीराम म्हणाला. मोठ्या गाडीचा शेवटचा मोह अजून कुठंतरी चिकटला होता. "सामान मावणार न्हाई."

"कुठलं सामान, अप्पा? सिमेंट दुकानातून थेट कामावर येतंय. आपलं काय, घमेली, फावडी, व्हायब्रेटर, फळ्या, डिझेलचा कॅन. मावतंय."

बळीराम गाडीभोवती एक चक्कर मारून आला. दिसायला ती धड गाडी नव्हती, धड ट्रक नव्हता. मधेच पोट सुटल्यासारखी. मागच्या दारातून इंदिराबाई आता उतरत होती; पायरीवर पाय, मग जमिनीवर पाय, पदर जागच्या जागी. त्यानं तिला ट्रॉलीच्या फळीवरून पाठमोरी उतरताना हजार वेळा बघितलं होतं.

"हीच घे," तो म्हणाला. "दुसरी बघूच नको."

श्रीशैलनंच तसली नवी गाडी मागवून दिली. हूक कंपनीच्या माणसाकडून बसवून घेतला, आणि दांडी निसटलीच तर मिक्सर सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाड साखळ्या. गाडी हातात द्यायच्या दिवशी अख्खी टोळी हुमनाबादला आली. शोरूमवाल्यांची पद्धत अशी की पुठ्ठ्याची हातभर लांब चावी देऊन फोटो काढायचा. श्रीशैल ती घेऊन प्रेरणापुढं आला. प्रेरणानं आईला पुढं केलं. इंदिराबाईनं चावी दोन्ही हातांनी घमेल्यासारखी धरली आणि फोटोवाल्यानं "हसा की मावशी" म्हणेपर्यंत ती रडत होती. बळीराम मागच्या रांगेत उभा राहिला. पुढं ये म्हणून सगळे म्हणाले, पण तो गेला नाही. मागून त्याला सगळेच दिसत होते.

गावात आल्यावर गाडी आधी विहारापुढं थांबली. मेणबत्ती लावली, वंदना झाली, पेढे वाटले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मागच्या सीटवर एकेकदा बसून घेतलं.

पहिलं काम लागलं कमलापूरच्या पुढं एका खेड्यात, बसव्वा नावाच्या म्हातारीच्या घराचं. पहाटेच निघून सातला पोचायचं होतं, पावणेसातलाच पोचले. टोळीतली पुरुषमाणसं मोटारसायकलींवर मागून येत होती. सेंट्रिंग तयार, घरमालकीण दारात उभी. मिक्सर गल्लीच्या तोंडाशी सोडून नवी गाडी नुसतीच अंगणाशी येऊन थांबली. दारं उघडली. आतून धुतल्या साड्यांतल्या, तेल लावून केस विंचरलेल्या बाया एकेक करून उतरल्या.

बसव्वाची धांदल उडाली. तिला वाटलं, सुनेच्या माहेरचे पाहुणे आले! तिनं कानडीतून आत हाका मारल्या, चटई टाकायला लावली, पाय धुवायला पाण्याची बादली पुढं केली, आणि इंदिराबाईचा हात धरून म्हणाली, "बर्री अक्का, कुंड्री. बसा, बसा." इंदिराबाईला हसू आवरेना. तिनं पाय धुतले, चटईवर बसून गूळ-पाणी घेतलं, बसव्वाच्या नातवंडांची चौकशी केली. मग पदर कमरेला खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हौद्यातलं घमेलं उचललं.

बसव्वा बघतच राहिली. "अय्य! तुम्हीच कामाला आलाव?"

"व्हय अक्का," इंदिराबाई म्हणाली. "पावण्यावानी आलो, आता कामावानी काम करू."

आणि केलं. बळीरामनं मिक्सर अंगणात आणून चालू केलं. प्रेरणा वर सेंट्रिंगवर उभी राहून सळयांखालचे ठोकळे तपासत होती, पाण्याचा डबा मोजून टाकायला सांगत होती. ड्रम फिरला, काँक्रीट पडलं, घमेली हातोहात वर गेली. दुपारी दोनला शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा स्लॅब असा सपाट पडला होता की शेजारच्या बांधकामावरचे दोन गवंडी शिडी चढून बघून गेले. बसव्वानं सगळ्यांना तुरीचं वरण आणि ज्वारीची भाकरी वाढली. वाढताना ती बळीरामला म्हणाली, "पोरगी हुशार हाय हो तुमची."

"व्हय," बळीराम म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. चढाचं, उताराचं, पावणेसहाचं. पण घास तोंडात होता, आणि एवढं सांगायला एक जेवण पुरलं नसतं.

निघताना बाया गाडीपाशी घुटमळल्या. पायांना सिमेंट, साड्यांना सिमेंट. नव्या सीटवर कसं बसायचं? रेणुकाबाई तर म्हणाली, "मी हौद्यात बसते, गाडी खराब हुतीया."

"कामाची गाडी हाय," प्रेरणा म्हणाली. "मळली तर धुता येती. बसा आत."

बसल्या. चौघी मागं दाटीवाटीनं, पुढं इंदिराबाई. प्रेरणा एका मोटारसायकलीवर मागून आली. आज तिलाच जागा उरली नव्हती, आणि त्याचंच तिला हसू येत होतं.

चढ लागला. बळीरामनं दुसरा गिअर टाकला. मागं सतरा-अठरा क्विंटल, साखळ्यांचा हलका आवाज, इंजिनाची एकसुरी घरघर. वर आल्यावर त्यानं बाजूला बघितलं. काचेला डोकं टेकून इंदिराबाई झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, पण कामावरून परतताना ती झोपलेली त्यानं कधी बघितली नव्हती. उभ्या माणसाला झोप येत नसते.

मागून एक लॉरी आली आणि वाट मागत हॉर्न द्यायला लागली. बळीरामनं हात बाहेर काढून तिला पुढं जायची खूण केली, गाडी डावीकडं घेतली आणि चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.